हिरव्या पुस्तकातला 'स्टेज ४' आणि रिपोर्टवरचा २बी

प्रश्न: माझ्या मोठ्या जाऊबाईंविषयी लिहिते आहे. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. वय ४१. मोठे दीर बारा वर्षांपूर्वी वारले, तेव्हाच अक्कांना एचआयव्ही असल्याचं कळलं. तेव्हापासून एआरटी केंद्राच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, एक दिवस चुकवलेला नाही. घरात मला, माझ्या मालकांना आणि सासूबाईंना माहीत आहे, बाहेर कुणाला नाही. वर्षभर त्यांच्या अंगावरून पांढरं जात होतं, मग पाळी नसतानाही रक्त जायला लागलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. शेवटी तुकडा तपासला तेव्हा गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. रिपोर्टवर २बी आहे, पण एआरटीच्या हिरव्या पुस्तकात 'स्टेज ४' लिहून दिलंय. म्हणजे शेवटच झाला ना? अक्का म्हणतात, माझ्यावर पैसा घालू नका, पोरीचं बघा. सासूबाईंनी त्यांचं ताट-वाटी वेगळं केलंय. एक ओळखीचे म्हणाले, कॅन्सरच्या दवाखान्यात एचआयव्हीचं बोलू नका, घेणार नाहीत. अक्कांनी तर गोळ्यांच्या डबीवरचं लेबल खरवडून काढलंय आणि खुळखुळ वाजू नये म्हणून आत कापूस कोंबलाय. मुलगी सोळा वर्षांची आहे, तिची तपासणी निगेटिव्ह आहे. तिला काय सांगायचं? आणि अशा बाईला आधार देणारं कुणी असतं का?
— एक वाचक, जि. धाराशिव

उत्तर:

आधी त्या 'स्टेज ४'चं बघू, कारण तुमच्या घराची झोप त्यानेच उडवली आहे.

हिरव्या पुस्तकातला ४ आणि कॅन्सरच्या रिपोर्टवरचा २बी ही दोन वेगळ्या मोजपट्ट्यांची मापं आहेत. एआरटी केंद्रात जागतिक आरोग्य संघटनेचे चार टप्पे वापरतात. एचआयव्ही असलेल्या माणसाला आजवर कोणकोणते आजार झाले, यावरून तो टप्पा ठरतो. गर्भाशयाच्या तोंडाचा पसरू लागलेला कॅन्सर त्या यादीत चौथ्या टप्प्यात बसवलेला आहे. त्यामुळे तो कॅन्सर निघाला की पुस्तकात ४ लिहावाच लागतो; मग बाईची प्रतिकारशक्ती उत्तम असो, ती रोज शेतात खुरपायला जात असो. त्या आकड्यावरून कॅन्सर शरीरात किती पसरलाय हे कळत नाही.

ते कळतं २बी वरून. गाठ गर्भाशयाच्या तोंडाबाहेर लगतच्या भागात गेली आहे, पण ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोचलेली नाही आणि लांबच्या अवयवांत गेलेली नाही, असा त्याचा अर्थ. या टप्प्यावर डॉक्टर जो उपचार देतात तो बाई बरी व्हावी म्हणून देतात, नुसतं दुखणं कमी करण्यासाठी नाही. अक्का 'माझ्यावर पैसा घालू नका' म्हणतात ते बहुधा तो ४ वाचूनच. मी एआरटी केंद्रात समुपदेशनाचं काम केलंय. पुस्तक हातात देताना हे दोन मिनिटांत सांगता येतं, पण गर्दीच्या दिवशी ते राहून जातं आणि घरी माणसं आकडा वाचत बसतात. हा परिच्छेद अक्कांना वाचून दाखवा. त्यांनी उपचार नाकारायचेच ठरवले तर तो त्यांचा हक्क आहे, पण तो निर्णय चुकीच्या आकड्यावर व्हायला नको.

आता हा कॅन्सर झाला कशाने? एचआयव्हीचा विषाणू स्वतः गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी बिघडवत नाही. ते काम एचपीव्ही नावाच्या दुसऱ्या विषाणूचं. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक माणसांना तो आयुष्यात कधी ना कधी होतो, आणि शरीर बहुतेक वेळा तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप झटकून टाकतं. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खालावलेली असली की तो झटकला जात नाही, वर्षानुवर्षं मुक्काम करतो आणि पेशी हळूहळू बदलत जातात. म्हणून एचआयव्ही असलेल्या बाईला या कॅन्सरचा धोका इतर बायकांच्या साधारण सहा पट असतो. गोळ्या वेळेवर घेतल्याने धोका कमी होतो, पण संपत नाही. एआरटी सुरू होण्याआधीच्या काळात झालेलं नुकसान आत राहिलेलं असू शकतं. तेव्हा 'गोळ्या घेऊनही झाला म्हणजे गोळ्या लागू पडल्या नाहीत' असं कुणी म्हणालं तर मानू नका. इतका जड उपचार आज अक्कांचं शरीर पेलू शकेल, अशी आशा धरता येते ती या बारा वर्षांच्या गोळ्यांमुळेच.

एक गोष्ट मात्र मला खुपते, आणि त्यात दोष तुमचा नाही. एचआयव्ही असलेल्या बाईची या कॅन्सरसाठीची तपासणी वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून, दर तीन ते पाच वर्षांनी व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. साध्या पाच टक्क्यांच्या व्हिनेगरचा बोळा लावून डोळ्यांनी बघण्याची तपासणीही आहे. पांढरे चट्टे उठले की पुढची चौकशी करायची. महाग यंत्र लागत नाही. आणि तुमचा जिल्हा तर या बाबतीत जगाच्या नकाशावर आहे. तेव्हा त्याला उस्मानाबाद म्हणत. तिथल्या गावागावांतून ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांना घेऊन मोठा अभ्यास झाला, बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचं टाटा त्यात होतं. २००९ मध्ये निकाल छापून आला: आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने जाणाऱ्या बायका जवळपास निम्म्यावर आल्या. ज्या मातीत हे सिद्ध झालं, तिथेच एका बाईला वर्षभर 'अंगावरून जातंय' म्हणून रक्तवाढीच्या गोळ्यांवर ठेवतात.

कॅन्सरच्या दवाखान्यात एचआयव्हीचं सांगायचं का? सांगायचंच. पहिल्याच दिवशी, पहिल्याच डॉक्टरांना. तुमच्या ओळखीच्या गृहस्थांचा हेतू चांगला असेल, पण त्यांचं ऐकलंत तर अक्कांना थेट इजा होईल. कशी, ते सांगते.

२बी ला सहसा शस्त्रक्रिया करत नाहीत. बाहेरून शेक, म्हणजे रेडिएशन, आठवड्यातून पाच दिवस, साधारण पाच आठवडे. सोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन नावाचं केमोचं औषध सलाइनमधून. आणि शेवटी योनीमार्गातून नळी बसवून आतून शेक, ज्याला ब्रॅकीथेरपी म्हणतात. हे सगळं मिळून आठ आठवड्यांच्या आत उरकलेलं बरं, कारण मध्ये खंड पडला की गुण कमी येतो. आता सिस्प्लॅटिन मूत्रपिंडावर ताण आणतं. आणि एआरटीच्या ज्या एका गोळीवर आज बहुतेक रुग्ण आहेत, तिच्यात टेनोफोविर असतं, तेही मूत्रपिंडावर नजर ठेवूनच द्यावं लागतं. कॅन्सरच्या डॉक्टरांना हे माहीत असेल तर ते क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी बघत राहतील, सलाइन वाढवतील, गरज पडली तर एआरटी केंद्राशी बोलून गोळी बदलून घेतील. माहीत नसेल तर चौथ्या आठवड्यात पाय सुजल्यावर शोधाशोध सुरू होईल. कुणाच्या गोळ्यांत झिडोव्हुडिन असेल तर ते रक्त कमी करतं आणि केमोही रक्त कमी करतं. दुसऱ्या फळीच्या, म्हणजे पहिली लागू पडेनाशी झाल्यावर देतात त्या औषधांत रिटोनाविर असेल तर ते काही केमो औषधांची मात्रा शरीरात नको तितकी वाढवतं.

आणखी एक बारीक गोष्ट. अक्कांच्या गोळीत डोल्युटेग्राविर असेल, आणि बहुधा असेलच, तर लोहाची, कॅल्शियमची किंवा ॲसिडिटीची ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवाली गोळी तिच्या जोडीने उपाशीपोटी घेतली की डोल्युटेग्राविर पोटात नीट शोषलं जात नाही. रक्तस्राव होणाऱ्या बाईला लोहाच्या गोळ्या देतातच, केमोच्या मळमळीवर ॲसिडिटीचं औषधही देतात. एआरटीची गोळी आधी घ्यावी आणि या गोळ्या दोन तासांनी. लोह आणि कॅल्शियम जेवणाबरोबर घेतलं तर एकत्रही चालतं, पण ॲसिडिटीच्या पातळ औषधाला ही सवलत नाही. तालुक्याच्या डॉक्टरांना एचआयव्हीचं सांगितलं होतं का? नसेल, तर मागचं वर्षभर ही गल्लत झालेली असू शकते. व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ती तपासणी, एकदा करून घ्या.

गावचा कुणी काढा, भस्म, 'कॅन्सरची पुडी' देत असेल तर तीही डॉक्टरांसमोर ठेवा. आणि काहीही झालं तरी केमोच्या काळात एआरटी बंद करायची नाही. सीडी४ चा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा त्या आठवड्यांत खाली येऊ शकतो, तो शेकाचा आणि केमोचा परिणाम असतो, त्याने घाबरू नका.

तर ती कापूस कोंबलेली डबी जशी आहे तशी घेऊन जा, पण सोबत हिरवं पुस्तक न्या. कॅन्सरच्या फाइलला त्याची झेरॉक्स लावायला सांगा, आणि कॅन्सरच्या कागदांची झेरॉक्स एआरटी केंद्रात द्या. दोन डॉक्टर एकमेकांशी बोलले पाहिजेत, ते बोलत नसतील तर कागद बोलते करायचे. उपचारासाठी बाहेरगावी राहायचं असेल तर एआरटी केंद्रात आधी सांगा. ते जास्त दिवसांच्या गोळ्या देतात किंवा तिथल्या जवळच्या केंद्रातून मिळण्याची सोय लावून देतात. मागितली नाही तर मात्र ही सोय आपणहून चालत येत नाही.

'घेणार नाहीत' या भीतीला मी खोटं म्हणणार नाही. असं घडलेलं मी पाहिलंय: कॉटला लटकवलेली लाल पट्टी, 'यंत्र बिघडलंय, पुढच्या महिन्यात या'. पण आता त्याला कायदा आडवा येतो. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं, वेगळं वागवणं त्यात बेकायदेशीर आहे. माहिती उपचार करणाऱ्यांपुरतीच ठेवायची, वॉर्डभर बोभाटा करायचा नाही, हेही त्यातच आहे. मोठ्या रुग्णालयात त्यासाठी तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि राज्यात लोकपाल असतो. टाळाटाळ झाली तर भांडू नका. शांतपणे म्हणा, "नाकारताय तर कारण लिहून द्या, मला तक्रार अधिकाऱ्यांना भेटायचंय." लेखी मागितलं की पुष्कळदा बिघडलेलं यंत्र त्याच दिवशी सुरू होतं.

कुठे न्यायचं? सगळे 'टाटाला न्या' म्हणतात. टाटा उत्तमच आहे. पण रोजचा शेक पाच आठवडे घ्यायचाय, मुलगी दहावी-अकरावीत असेल, आणि बार्शी तुमच्यापासून एसटीच्या टप्प्यात आहे. आधी बार्शीला जाऊन विचारा की शेक, केमो आणि आतला शेक तिन्ही तिथे होईल का. तिन्ही होत असेल तर माझं मत बार्शी. मुंबईला जावंच लागलं तर राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती आहे. अशा ठिकाणी बहुधा रुग्णालयाची चिठ्ठी लागते, ती तिथल्या समाजसेवकांकडून घ्या.

पैशाचं: महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात दाराशीच आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याच्यासमोर उभं राहायचं, आणि उपचार सुरू व्हायच्या आधी मंजुरी घ्यायची. नंतर बिल दाखवून परतावा मागता येत नाही. अक्का विधवा आहेत, उत्पन्न तुटपुंजं असेल, तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसीलला करा. आधीच मिळत असेल तर उत्तमच. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि सोबत्याला सवलत आहे. एसटीची आगारात विचारा.

आता आधार. तुम्ही विचारलंय की असं कुणी असतं का. असतं, पण दोन वेगळ्या दारांत. एचआयव्हीसह जगणाऱ्यांची राज्यात, जिल्ह्याजिल्ह्यांत मंडळं आहेत. एआरटी केंद्रात विहान नावाच्या काळजी व आधार केंद्रांतले कार्यकर्ते येतात, त्यातले बरेच स्वतः गोळ्या घेणारे असतात. १०९७ हा नॅकोचा, म्हणजे केंद्र सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेचा फुकट फोन आहे, मराठीत बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही. पुण्यात प्रयास या संस्थेने एचआयव्ही असलेल्या बायकांच्या गर्भाशयमुखाच्या तपासणीवर काम केलंय. दुसऱ्या दारात कॅन्सरची मंडळी: मुंबईत व्ही केअर, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन, इंडियन कॅन्सर सोसायटी. व्ही केअरमध्ये कॅन्सरमधून उठलेले लोक नव्या रुग्णांशी बोलतात.

अडचण अशी की पहिल्या दारात कॅन्सरबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि दुसऱ्या दारात अक्का एचआयव्हीबद्दल बोलणार नाहीत. माझं म्हणणं, बोलूही नये. डॉक्टरांना सगळं सांगायचं. पण वेटिंगच्या बाकावर शेजारी बसलेल्या बाईला सांगायला त्या बांधील नाहीत. तिच्याशी शेकाने होणाऱ्या जुलाबांबद्दल, लघवीच्या आगीबद्दल, केळं खाल्लेलं चालतं का याबद्दल बोलावं. त्या बोलण्याचाच खूप आधार असतो. पण दोन्ही गोष्टी ठाऊक असलेलं एक तरी माणूस हवं. एआरटी केंद्राच्या समुपदेशकांना सरळ विचारा, 'हाच कॅन्सर होऊन गेलेली, आपल्यातली कुणी आहे का, तिची तयारी असेल तर फोनवर बोलेल का?' मी अशा जोड्या लावून दिल्या आहेत. त्या दोघी काय बोलतात ते मला कळत नसे, कारण दार लावून घेत.

त्या बाईकडून अक्कांना कळेल ते डॉक्टर सहसा सांगत नाहीत: या शेकाने पाळी कायमची जाते, अंगातून गरम वाफा येतात, योनीमार्ग आकसतो आणि पुढच्या तपासणीसाठीही तो मोकळा ठेवायला व्यायाम करावा लागतो. विधवा बाईला याची काय गरज, असं गृहीत धरून कुणी बोलत नाही. तुम्ही डॉक्टरांना विचारा.

सासूबाईंचं ताट-वाटी. ना एचआयव्ही ताटातून होतो, ना कॅन्सर. व्हायरल लोड दबलेला असेल तर अक्कांकडून शरीरसंबंधातूनही तो कुणाला जात नाही, मग ताटाचं काय घेऊन बसलात. पण बारा वर्षं एकत्र जेवलेल्या सासूने आता ताट वेगळं केलंय, म्हणजे एचआयव्हीची भीती जुनी झाली होती, 'कॅन्सर' शब्दाने ती नव्याने उसळली आहे. वाद घालू नका. उद्यापासून तुम्ही अक्कांच्या ताटात भाकरी कुस्करून जेवायला बसा, सासूबाईंसमोर. रक्ताचे कपडे धुताना मात्र कुणाचेही असोत, हातमोजे घाला.

मुलीला कॅन्सरचं सांगा. सोळाव्या वर्षी आईचा थकवा, चेहरा, रोजची बार्शी तिला दिसणारच आहे. एचआयव्हीचं सांगायचं की नाही, कधी, हे अक्का ठरवतील, तुम्ही नाही. आणि तिला एचपीव्हीची लस द्या. पंधरा वर्षांवरील मुलींना तीन डोस. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक ही देशी लस २०२३ पासून मिळते, परदेशीपेक्षा स्वस्त पडते. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी टळत नाही.

एचआयव्हीशी जोडलेले दुसरेही कॅन्सर आहेत, ते इथे थोडक्यात, कारण हे सदर गोळ्या घेणारी इतरही माणसं वाचतात. कापोसी सार्कोमा हा त्वचेवर जांभळे डाग आणणारा कॅन्सर १९८१ मध्ये अमेरिकेत तरुणांत दिसला; एड्सची चाहूल ज्या आजारांतून लागली त्यांत तोही होता. आपल्याकडे तो क्वचित. आपल्याकडे घोळ होतो तो लिम्फोमाचा, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचा. मानेत, काखेत गाठ आली, ताप आला, वजन उतरलं की 'टीबीची गाठ' म्हणून औषध सुरू होतं. टीबी आपल्याकडे इतका आहे की पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण महिना-दोन महिने औषध घेऊन गाठ वाढतच असेल, तर तुकडा काढून तपासण्याचा आग्रह धरा. सुईच्या तपासणीवर थांबू नका. गुदद्वाराच्या कॅन्सरमागेही हाच एचपीव्ही असतो, तेव्हा तिथून रक्त गेलं की दरवेळी मूळव्याधच समजू नका. यकृताच्या कॅन्सरमागे कावीळ ब आणि क. आणि तोंडाचा: मिश्री. गोळ्या वेळेवर घेणाऱ्या, पथ्य पाळणाऱ्या बायका सकाळी मिश्री लावतात आणि तिला तंबाखू मानत नाहीत. अक्का लावत असतील तर शेकाच्या आधी सुटली पाहिजे.

शेवटी तुमचं. तुम्ही तिशी ओलांडलेली असाल, लग्न झालेलं आहे. पत्रात स्वतःबद्दल एक ओळ नाही. एचपीव्हीला एचआयव्ही असावाच लागतो असं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात व्हिनेगरची तपासणी फुकट होते, पाच मिनिटं लागतात. अक्कांच्या उपचाराला योजनेची मंजुरी येईपर्यंतच्या दिवसांत उरकून घ्या.